आवाज बद्द आहे, सुधारणा करावी

शेरे लिहिणं हा माझा धंदा होता. माझ्या वयाच्या बायका स्वेटर विणत, मी शेरे लिहीत असे. ठाणे जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत जायचं, दिवसभर एका खुर्चीवर बसून सगळं पाहायचं, आणि निघताना शेरेबुक नावाच्या जाड वहीत तिथे काय काय कमी आहे ते लिहून यायचं. शाळेत जे होतं त्यासाठी छापील तक्त्यात जागा नव्हती. जे नव्हतं त्यासाठी तीन पानं होती. इंग्रजी घेऊन बी. ए. आणि वर बी. टी. झालेल्या मुलीला सरकारने याहून योग्य काम दिलं नसतं. माझ्या सासूबाई म्हणत, "हिला याचा पगार देतात? हे तर मी घरात फुकट करते."

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होते. कधी लागले, कुठे बदली झाली, कधी निवृत्त झाले हे सगळं माझ्या सर्व्हिस बुकात आहे आणि तिथेही ते कुणी वाचलेलं नाही. पण हा अंक आता परदेशातही जातो म्हणे. माझी दोन नातवंडं तिकडे असतात. माझी पत्रं 'वीकेंडला निवांत वाचू' या ढिगात जाऊन पडतात. छापील अंकात आजीचं नाव दिसलं तर कदाचित वाचतील, निदान मित्रांना दाखवण्यापुरतं तरी. तेव्हा हा लेख निखिल आणि रेवा यांच्यासाठी आहे. इतरांनी वाचला तर माझी हरकत नाही.

गुढीपाडव्यापासून रेवा आपल्या भावाशी बोलत नाही. निखिलला एका मोठ्या कंपनीकडून नोकरीचं बोलावणं आलं आहे. ही कंपनी एक डबा बनवते. विमानातून सोडला की तो हवेत उघडतो आणि त्यातून मुठीएवढे शेकडो बाँब खाली विखुरतात. झाकण वेळेवर उघडावं, एवढंच निखिलने पाहायचं आहे. काही देशांनी मिळून असल्या डब्यांवर बंदी घातली आहे, काहींनी घातलेली नाही; निखिल राहतो तो देश दुसऱ्या गटात. दोघा भावंडांचं जमेना, तेव्हा मला पंच नेमण्यात आलं.

"आजी, शस्त्र वाईट नसतं गं. वापरणारा वाईट असतो," निखिल फोनवर म्हणाला.

"बरं."

"आणि बंदी घालून होतं काय? ज्यांना पाळायची नसते ते पाळतच नाहीत."

"बरं."

"रेवा म्हणते की न फुटलेले तसेच पडून राहतात आणि मग पोरंबाळं उचलतात. पण आमचे फारच थोडे राहतात. शंभरात फार तर एखादा."

"एखादा म्हणजे?"

"म्हणजे निग्लिजिबल गं, आजी!"

दिवाळीपर्यंत वेळ दे, असं मी त्याला सांगितलं. कंपनीला त्याने नाताळापर्यंत कळवायचं आहे. त्या एखाद्याशी माझी ओळख आहे, हे फोनवर सांगितलं नाही. फोनवर मला क्रमाने बोलता येत नाही.

तर क्रमाने सांगते.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. तपासणीची तारीख शाळेला आधी कळवावी लागे. त्यामुळे मी नोकरीत खरी शाळा फारशी पाहिलीच नाही, शाळांनी माझ्यासाठी बसवलेली नाटकं पाहिली. मुलांच्या डोक्यांवरून तेल ओघळायचं, फळ्याला ताजी शाई फासलेली असायची, मास्तरांच्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. एकदा एकाच आठवड्यात कल्याण तालुक्यातल्या तीन शाळांत मला जगाचा एकच नकाशा भेटला. आफ्रिकेच्या पोटाला भोक होतं आणि तिन्ही शाळांत ते तिथेच होतं. माझ्या आधी तो सायकलवरून पुढच्या गावी पोचत असे. तिसऱ्या भेटीत मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला आणि तिसऱ्यांदा लिहिलं, 'नकाशा आहे. डागडुजी करावी.' मी कधी खोटा शेरा लिहिला नाही, हे मी अजूनही थोड्या ताठ मानेने सांगते.

शेऱ्याचे दोन नियम होते. पहिला: शेऱ्याची पूर्तता पुढच्या तपासणीआधी झालीच पाहिजे, नाहीतर शाळेची मान्यता अडते. त्यामुळे गावांना आमचा शेरा म्हणजे देवीचा कौल वाटे. दुसरा: एकदा लिहिलेला शेरा खोडता येत नाही. लिहिणाऱ्यालाही नाही. त्यासाठी वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. हा दुसरा नियम लक्षात ठेवा.

डोंबिवलीहून खाडीकडे उतरलं की मिठागरांच्या कडेला एक गाव होतं. नाव देत नाही. आज तिथे इमारती आहेत, आणि राहणाऱ्यांनी कर्ज काढून घरं घेतली आहेत, त्यांना उगाच कशाला. गावात सातवीपर्यंत शाळा होती. हेडमास्तर लेले शाळेच्याच मागच्या खोलीत बायकोसह राहत. शाळेला घंटा नव्हती. लेलेकाकू दारात उभ्या राहून परातीवर लाटणं मारत आणि शाळा भरे. पोळ्या चालू असल्या तर शाळा जरा उशिरा सुटे. परातीचा आवाज पार मिठागरापर्यंत जाई आणि कुणाची काही तक्रार नव्हती. पण तक्त्यात प्रश्न होता, 'शाळेस घंटा आहे काय?' परातीचा रकाना नव्हता. मी लिहिलं: 'शाळेस घंटा नाही. पुढील तपासणीपूर्वी तजवीज करावी.'

पुढच्या वर्षी घंटा होती.

आता ती कुठून आली ते सांगते. युद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराचा मोठा तळ होता आणि सैनिक पलीकडच्या टेकड्यांवर नेम धरायला शिकत. युद्ध संपलं, सैनिक गेले, त्यांच्या बराकींत सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं राहू लागली. टेकड्यांवर लोखंड उरलं. आसपासची माणसं सरपण वेचावं तसं ते वेचून आणत आणि कल्याणच्या भंगारवाल्याला देत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कल्याणच्या एका डॉक्टरांकडे तोफगोळ्याच्या पितळी नळकांड्यात निशिगंध ठेवलेला मी स्वतः पाहिला आहे, आणि "फुलदाणी छान आहे हो," असं म्हणून चहाही घेतला आहे.

गावच्या शाळा समितीवर हिराजी भोईर होते. जन्मभर मिठागरावर राबलेले, शाळेत एक दिवसही न गेलेले, आणि त्यामुळे शाळेवर अतोनात जीव असलेले. माझा शेरा वाचून दाखवल्यावर त्यांनी आधी रेल्वेकडे रुळाचा एक तुकडा मागितला, कारण बहुतेक शाळांत घंटा म्हणून तोच टांगतात. रेल्वेतल्या बाबूने योग्य मार्गाने अर्ज करायला सांगितलं. योग्य मार्ग लांबचा असतो. हिराजीभाऊ टेकडीकडच्या आपल्या मेहुण्याकडे गेले आणि हातभर लांबीचं एक जाडजूड लोखंडी कणीस घेऊन आले. त्याच्या शेपटीला पाती होती. शेपटीला तार बांधून त्यांनी ते चिंचेच्या फांदीला टांगलं, निळा रंग दिला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत शाळेचं नाव घातलं. लेले मास्तरांनी सामानाच्या नोंदवहीत लिहिलं, 'घंटा, लोखंडी, नग एक.' वर्षभर शाळा तिच्यावर भरली आणि सुटली.

मी गेले त्या दिवशी हिराजीभाऊ धुतलेलं धोतर नेसून हजर होते. त्यांनी स्वतः सळई मारून दाखवली. भद्द, असा आवाज झाला.

"आवाज बद्द आहे, हिराजीभाऊ," मी म्हटलं.

"आवो बाय, तुमी घंटा मांगला, आमी आनला. आता त्यानं गानी पन बोलाची का?"

सगळे हसले. मीही हसले.

त्याच दिवशी शाळेत वक्तृत्वस्पर्धा होती. विषय ठाण्याहून आला होता: 'संहारक शस्त्रांवर बंदी घालणे इष्ट आहे काय?' आमचे साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले होते आणि येताना हा विषय घेऊन आले होते. खाडीकाठच्या सातवीतल्या मुलांनी मत द्यावं आणि मोठ्या राष्ट्रांनी त्यावर विचार करावा, अशी योजना असावी. प्रत्येकाला पाच मिनिटं. वेळ संपली की लेले मास्तर बाहेर जाऊन घंटेवर एक टोला देत. शस्त्रांवर बंदी असावी की नसावी याचा निवाडा आम्ही कशावर सळई मारून करत होतो, हे आठवलं की मला हसू येतं. मग ते जातं.

लेले मास्तरांचा पुतण्या दिगंबर बंदीच्या विरुद्ध बोलला. "शस्त्र हे निर्जीव असते. दोष हाताचा, हत्याराचा नव्हे. त्याच सुरीने आपण भाजी चिरतो." ण आणि न स्वच्छ वेगळे, हातवारे जिथल्या तिथे, शेवटी सुभाषित. निखिल, तुझं म्हणणं नवीन नाही रे. मी ते बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडून ऐकलं आहे, आणि त्याचे उच्चार तुझ्यापेक्षा चांगले होते.

मग मंजुळा उठली. हिराजीभाऊंची मुलगी. वर्गात मुली तीनच होत्या, त्यातली ही. तिने मास्तरांनी लिहून दिलेलं भाषण सुरू केलं, जपानपर्यंत पोचली आणि तिथे अडखळली. मला वाटलं खाली बसेल. पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि आपलंच बोलायला लागली.

"अनुबाम आमच्या गावावर कोन टाकील? त्याला म्हाग परंल." मुलं हसली. "पन माजी शेली मामाच्या गावाला टेकरीवर चरत होती. लराई सरल्याव चार वर्सांनी मेली, पायाखाली कायतरी फुटला म्हनून. ज्या शिपायानं त्यो टाकला त्यो तं कवाच घरी गेला. त्याला ठाव पन नाय. त्याच्या हातानं कायच नाय केला, त्यो तं तवा झोपला बी आसंल. मंग दोस हाताचा कसा, बाय? हात तं नवताच तिथं."

भद्द. वेळ संपली.

मी दिगंबरला पहिला नंबर दिला. मंजुळाच्या नावापुढे लिहिलं, 'विषयांतर. भाषा अशुद्ध.' निकाल अत्यंत नीटनेटका होता. विषय संहारक शस्त्रांचा होता, शेळीचा नव्हता.

चार वाजता मी शेरेबुक उघडलं. तक्त्यात विचारलं होतं, 'घंटा आहे काय?' मी लिहिलं: 'घंटा आहे. आवाज बद्द आहे, सुधारणा करावी.' खाली सही केली, तारीख घातली. शाई वाळायची होती.

गावाच्या वळणावर एस. टी. थांबे आणि ड्रायव्हर इंजिनात घालायला शाळेच्या विहिरीचं पाणी नेत. त्या दिवशी गाडीवर शिंदे ड्रायव्हर होते. साताऱ्याकडचे गृहस्थ, युद्धात ब्रह्मदेशात लढून आलेले. या वाटेवर ते नवीन होते, आमची घंटा त्यांनी अजून पाहिली-ऐकली नव्हती. ते हातात डबा घेऊन आवारात शिरले आणि तेवढ्यात शाळा सुटल्याचे टोले सुरू झाले. शिंद्यांच्या हातातून डबा पडला.

"कोन वाजिवतंय त्ये? थांबवा! हात लावू नगा!"

"अहो, शाळा सुटल्याची घंटा आहे," लेले मास्तर सळई धरून म्हणाले.

"घंटा कशाची मास्तर, मॉर्टरचा बाँब हाय त्यो! मी असलं शेकड्यानं फेकल्यात."

"असेल, पण तो वापरलेला आहे."

"वापरलेला असता तर त्याचं तुकडं झालं असतं. ह्यो अख्खा हाय. आन् आवाज ऐकला न्हवं? रिकामं भांडं वाजतं. ह्याचं प्वाट भरलेलं हाय."

हिराजीभाऊ तिथेच होते. त्यांनी आपल्या निळ्या रंगाच्या घंटेकडे पाहिलं, मग शिंद्यांकडे.

मुलांना रांगेने, कवायतीच्या पायांनी, मागच्या बाजूने घरी पाठवलं. रांग मी लावली. रांगा लावणं मला चांगलं जमतं. बसमधले उतारू ओरडत होते की कल्याणची गाडी चुकणार. शिंदे मला म्हणाले, "बाईसाहेब, ह्येला फकस्त मिलिट्रीनं हात लावायचा. तवर इथं कुत्रंबी फिरकू देऊ नगा." लेले मास्तरांना वेगळीच चिंता होती.

"बाई, उद्याची सुट्टी कोणत्या कारणाखाली दाखवू? अतिवृष्टी आहे, साथ आहे, स्थानिक जत्रा आहे. बाँब नाही."

"जत्रा दाखवा," मी म्हटलं.

शेरेबुक माझ्या हातातच होतं. शाई अजून ओली होती. एक आडवी रेघ मारली असती तर ते वाक्य गेलं असतं. पण शेरा खोडता येत नाही, असा नियम होता. परवानगी मागवू, असं मी ठरवलं, वही मिटली, मास्तरांच्या हवाली केली आणि बसमध्ये बसले. त्या नोकरीत मी शेकडो नियम पाळले. त्यांपैकी नेमका हाच मोडायला हवा होता, हे मला कुणी प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं, आणि अशा गोष्टी शिकवाव्या लागतात अशी माझी तेव्हा समजूत होती.

वाटेत एका पोलीस चौकीवर उतरले. तिथले जमादार सौजन्याने वागले, खुर्ची दिली.

"फुटला का?"

"नाही."

"कुणाला लागलं?"

"नाही."

"मग बाई, नोंद कशाची करू? फुटला की या."

दुसऱ्या दिवशी ठाण्याला साहेबांसमोर उभी राहिले. साहेबांनी माझा अहवाल चाळला. "तुम्ही इथे स्वच्छ लिहिलंय, 'घंटा आहे.' आता तो बाँब आहे म्हणायचं तर तपासणी चुकली असं होईल. नीट विचार करा." मी विचार केला आणि लष्कराला पत्र लिहायची परवानगी मागितली. ती मात्र मिळाली, कारण कचेरीत माझं इंग्रजी सगळ्यांत चांगलं होतं. सरकारी इंग्रजी पत्राची सुरुवात ठरलेली असे. शाळेच्या आवारात बाँब टांगलेला आहे हे आपणास कळवण्याचा मला बहुमान लाभत आहे, असं मी लिहिलं. व्याकरणाची एकही चूक नव्हती. शेरा खोडण्याच्या परवानगीचा अर्ज वेगळ्या कागदावर केला, कारण विषय वेगळा होता.

इकडे शाळा देवळात भरू लागली, लेल्यांचं बिऱ्हाडही तिथेच हललं आणि लेलेकाकूंची परात पुन्हा कामाला लागली. आवारात कुणी जात नव्हतं. पहिले दोन दिवस लांबून लोक पाहायला येत, मग तेही थांबले. आठवडा झाला, लष्कर आलं नाही. दिवसभर पाहायला काही नसेल तर माणूस धोक्याचीही सवय करून घेतो.

शेऱ्याची नक्कल समितीला द्यायची असते. लेले मास्तरांनी ती हिराजीभाऊंना वाचून दाखवली: आवाज बद्द आहे, सुधारणा करावी. हिराजीभाऊंनी ती दोनदा वाचायला लावली. घंटा त्यांनी आणली होती, शाळेची मान्यता त्यांच्या घंटेमुळे अडणार होती. आणि आवाज बद्द का, याचं कारण तर शिंद्यांनी त्यांच्यादेखत सांगितलं होतं. पोट भरलेलं आहे म्हणून. मग पोट रिकामं केलं की ड्रायव्हरची तक्रारही मिटली आणि बायचीही. हा तर्क तुम्ही तपासून पाहा. त्यात चूक सापडत नाही. ज्या अंकगणितात आम्ही मुलांना पास करत होतो त्यात तो सहज पास झाला असता.

नवव्या दिवशी पहाटे त्यांनी ते कणीस फांदीवरून उतरवलं, गोणपाटात गुंडाळलं आणि तान्ह्या मुलासारखं दोन्ही हातांवर धरून मिठागरावर नेलं. गावापासून लांब. घरी सांगून गेले, आज कुणी तिकडे यायचं नाही. मूर्ख माणूस गावात बसून ठोकतो. ते मूर्ख नव्हते. छिन्नी आणि हातोडी घेऊन ते एकटेच मिठागराच्या टोकाला बसले.

दुपार झाली तरी बाप जेवायला आला नाही, म्हणून मंजुळा भाकरी घेऊन बांधावरून निघाली होती.

मिठागरावर त्या दुपारी दोन माणसं होती, एक उरलं. मंजुळा बरीच मागे होती. तिला साधं खरचटलंही नाही. फक्त दोन्ही कान गेले.

पोलीस आले, कारण आता तो फुटला होता. पंचनामा झाला. मृत्यूचं कारण 'स्वतःचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. दोष हाताचा. दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावर लष्कराच्या कुठल्याशा कचेरीचं उत्तर आलं. उत्तम टाइप केलेलं. सदर टेकड्या पूर्णपणे साफ करण्यात आल्याचा दाखला आम्ही पूर्वीच दिलेला असल्याने तिथे किंवा आसपास जिवंत बाँब असणं संभवत नाही. एखादा चुकून राहिला असल्यास तो अपवाद समजावा. अपवाद तोवर मातीत गेला होता. शेरा खोडण्याच्या परवानगीचं उत्तर यायला आणखी काही महिने लागले. साहेबांनी समासात लिहिलं होतं, 'घंटाच अस्तित्वात नसल्याने शेरा आपोआप निकाली.'

मी त्या घरी गेले नाही. जायला हवं होतं, हे रोज वाटे, आणि रोज दुसरी एखादी शाळा तपासायची असे. काम माणसाला फार सोयीचं असतं.

वर्षाने पाळी आली तेव्हा गेले. चिंचेला रुळाचा तुकडा टांगला होता. तो रेल्वेने आपण होऊन पाठवला होता, अर्जाशिवाय. आवाज खणखणीत. मी शेरेबुकात तसं लिहिलं नाही. घंटेचा रकाना तेवढा मोकळा ठेवला. मंजुळाने शाळा सोडली होती. मधल्या सुट्टीत ती आवारात आली आणि सरळ माझ्या खुर्चीसमोर उभी राहिली. अंगाने वाढली होती. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी ती मोठ्याने बोलली. सगळ्या आवाराला ऐकू गेलं.

"बाय, माजा नंबर का नाय आला?"

बापाबद्दल बोलेल, शिव्या देईल, अशी माझी तयारी होती. या प्रश्नाची नव्हती. मी काहीतरी म्हणाले. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली, मग मान हलवली, जवळच्या एका मुलीच्या हातातली पाटी घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

मी लिहिलं, 'उच्चार'. ते बोटाने पुसलं. मग लिहिलं, 'नंबर तुझाच होता. चूक माझी.'

तिने एकेक अक्षर लावून वाचलं. पाटी त्या मुलीला परत द्यायची होती, म्हणून मी पुसायला हात पुढे केला. मंजुळाने पाटी छातीशी धरली.

"शेरा खोरता येत नाय ना, बाय?"

आणि पाटी घेऊन निघून गेली. त्या मुलीला मी ठाण्याहून नवी पाटी पाठवून दिली. नोकरीत मी हजारो शेरे लिहिले. वरिष्ठांनी न मागता लिहिलेला तेवढा एकच.

तर निखिल, तू मला मत विचारलं होतंस.

हाताचा दोष, हत्याराचा नाही, हे ठीक आहे. पण हात घरी जातो, निवृत्त होतो, पेन्शन घेतो, नातवंडांना खेळवतो. हत्याराची बदली होत नाही. ते टाकलं तिथे कामावर राहतं आणि येईल त्याला हजेरीपटावर घेतं, शेळी असो की शाळा समितीचा सभासद. बंदी कुणी पाळत नाही म्हणतोस, तेही खरं. आमच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर 'येथे थुंकू नये' असं लिहिलेलं असे आणि बरोबर त्याच्याखाली लोक थुंकत. पण तेवढ्यासाठी पाटी काढून तिथे पिकदाण्यांचा कारखाना काढावा, असं कुठल्या मास्तरांनी सुचवलं नाही.

राहिला तुझा शंभरातला एखादा. त्याचा आवाज मी ऐकला आहे. बद्द असतो.

रेवा, तू आधी भावाला फोन कर. त्याच्याशी न बोलणं ही त्याला शिक्षा नाही, मोकळीक आहे.

आणि निखिल, माझा शेरा असा: ही नोकरी घेऊ नये. शेरा खोडायचा असेल तर वरिष्ठांची लेखी परवानगी लागेल, आणि या वयात मला वरिष्ठ असं आता कुणी उरलेलं नाही.